कर्क, स्पॉक आणि आबाजींची दुसरी चिठ्ठी

परवा शनिवारी 'स्टार ट्रेक'चा 'द सिटी ऑन द एज ऑफ फॉरेव्हर' हा भाग पुन्हा पाहिला. कितव्यांदा ते मोजणं मी सोडून दिलंय. बायको म्हणते, "तीच ती बाई, तोच तो ट्रक. या वेळी ब्रेक लागणार आहे का?" नाही लागत. पण दर वेळी वाटतं खरं, की आज कदाचित लागेल.

हा भाग पहिल्यांदा दाखवला गेला ६ एप्रिल १९६७ रोजी, म्हणजे माझ्या जन्माच्या कितीतरी आधी. आजच्या हिशेबाने सगळं गरीबच आहे. परग्रह म्हणजे स्टुडिओतले थोडे भग्न खांब आणि धूर. काळाचं महाद्वार म्हणजे एक भलामोठा दगडी मेदूवडा, तो बोलायला लागला की आतून उजळतो. तरीही १९६८ साली या भागाला ह्यूगो पुरस्कार मिळाला. आजसुद्धा दोन ट्रेकप्रेमी भेटले आणि 'सगळ्यात चांगला भाग कोणता' असा वाद निघाला, तर हे नाव पहिल्या पाच मिनिटांत येतंच.

(ज्यांनी पाहिला नाही त्यांनी इथेच थांबा, आधी पाहून या. पन्नास मिनिटांचा मामला आहे. पुढे सगळं फोडणार आहे. नंतर तक्रार चालणार नाही.)

तर गोष्ट अशी. एंटरप्राइज यानावरच्या डॉक्टर मॅककॉयला चुकून एका औषधाचा भलताच मोठा डोस टोचला जातो. डोकं फिरलेल्या अवस्थेत तो खालच्या ग्रहावर पळतो आणि त्या मेदूवड्यातून उडी मारून भूतकाळात जातो. त्याच क्षणी वर घिरट्या घालणारं यान नाहीसं होतं. म्हणजे मॅककॉयने मागे जाऊन असं काहीतरी केलंय, की अख्खा इतिहासच बदललाय. ते दुरुस्त करायला कॅप्टन कर्क आणि स्पॉक त्याच्या मागोमाग उडी मारतात आणि पोचतात १९३० च्या न्यूयॉर्कमध्ये. मंदीचा काळ. बेकारांच्या रांगा. तिथे इडिथ कीलर नावाची एक बाई गरिबांसाठी अन्नछत्र चालवते. ती या दोघांना काम देते, निवारा देते. माणूस एक दिवस अणूची शक्ती काबूत आणेल, ताऱ्यांवर जाईल, असं सूप पिणाऱ्या बेकारांना सांगते. कर्क तिच्या प्रेमात पडतो. पडणारच.

आणि मग स्पॉकला उलगडा होतो. खऱ्या इतिहासात ही बाई त्याच वर्षी रस्त्यावरच्या अपघातात मरते. मॅककॉय तिला वाचवतो. वाचलेली इडिथ मोठी शांततावादी चळवळ उभी करते, त्यामुळे अमेरिका युद्धात उशिरा उतरते, तोवर जर्मनी अणुबॉम्ब बनवतो आणि महायुद्ध जिंकतो. इडिथचं म्हणणं बरोबरच असतं, फक्त वेळ चुकीची असते. म्हणजे जग वाचवायचं तर इडिथ कीलरला मरू द्यायला हवं. शेवटच्या दृश्यात ती रस्ता ओलांडते, ट्रक येतो, मॅककॉय धावतो आणि कर्क त्याला घट्ट धरून ठेवतो. बस. संपलं.

आता आमच्या धंद्यातल्या माणसाला यात शंभर खुसपटं सापडतात. इतिहास बदलल्यावर यान गायब झालं, मग ग्रहावर उभी असलेली माणसं कशी उरली? त्यांचे आईबाप तरी जन्मले होते का? उत्तर असं, की ती त्या दारापाशी होती म्हणून. म्हणजे शुद्ध मराठीत 'एक्सेप्शन हँडलिंग'. पण हे सगळं मी माफ करतो, कारण या भागात काळप्रवासाइतकंच डीबगिंग आहे, आणि तेही अस्सल. प्रॉडक्शनमध्ये काहीतरी फुटलंय. जुना लॉग ट्रायकॉर्डरमध्ये आहे. पण तो वाचायला लागणारं यंत्र १९३० साली अस्तित्वातच नाही. मग स्पॉक खोलीत बसून रेडिओच्या नळ्या आणि तारा जोडून काहीतरी जुगाड उभा करतो, आणि वर कर्कला ऐकवतो, की मला इथे जवळजवळ अश्मयुगातल्या हत्यारांनी काम करावं लागतंय. ज्याने कधी क्लाएंटच्या ऑफिसात बसून जुन्या सर्व्हरवर रात्री दोन वाजता लॉग चाळलेत, त्याला स्पॉकचा तो चेहरा कळेल :-)

पण मला आज डीबगिंगवर लिहायचं नाहीये. या भागातल्या एका फालतू विनोदाने माझ्या आजोबांना बोलतं केलं होतं. ते सतरा-अठरा वर्षं डोक्यात आहे, ते आता लिहून टाकतो.

विनोद असा. न्यूयॉर्कात उतरल्या उतरल्या दोघे कपडे चोरतात आणि पोलिसाच्या हाती सापडतात. स्पॉकचे टोकदार कान पाहून पोलीस चक्रावतो. कर्क ततपप करत थाप मारतो, की हा माझा मित्र चिनी आहे आणि लहानपणी याचे कान भात काढायच्या मशीनमध्ये सापडले. (हा विनोद आज कोणी लिहिणार नाही आणि ते बरंच आहे. पण १९६७ चा आहे, काय करणार.)

२००७ ची दिवाळी. आमचं गाव भंडारा जिल्ह्यात, पवनी तालुक्यात, वैनगंगेपासून फार लांब नाही. धानाचा मुलूख. दिवाळीत हलका धान कापून बांधीत पडलेला असतो आणि घराघरात नवीन तांदळाचा वास असतो. मी पुण्याहून नवाकोरा लॅपटॉप मिरवत गेलो होतो. संध्याकाळी लोडशेडिंग, टीव्ही बंद, डास भरपूर. लॅपटॉपची बॅटरी दोन तास चालायची. ओसरीवर मी हा भाग लावला. आबाजी बाजेवर बसले होते. म्हणाले, "मलेबी दाखव काय पायतेस तं." मग मी शेजारी बसून भाषांतर करत गेलो. सबटायटल्सपेक्षा माझा वेग बराच कमी होता, दर मिनिटाला पॉज.

धानाच्या मशीनचा विनोद सांगितला तेव्हा आबाजी इतके हसले, की खोकला लागला. "कान कापनारी मशीन! बरं झालं आमच्याकडं इळाच होता." मग त्यांना रस आला. पुढे अन्नछत्र, ती बाई, तिची भाषणं, हे सगळं त्यांनी नीट समजून घेतलं. जर्मनी आणि अणुबॉम्ब समजावताना माझी थोडी दमछाक झाली, पण हिटलर त्यांना ठाऊक होता. शेवटी ट्रक आला, कर्कने डॉक्टरला धरून ठेवलं, पडदा काळा झाला. मी म्हटलं, "संपलं आबाजी."

ते काही वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, "त्यानं हात आखडला."

मी म्हटलं, "हो, पण जग वाचवायला."

"हो ना. त्यानं जग वाचवाले आखडला. मी कायले आखडला?"

मला काही कळेना. मग त्यांनी १९५४ ची गोष्ट सांगितली.

थोडी पार्श्वभूमी द्यायला हवी, कारण ही गोष्ट मलाही शाळेत कोणी सांगितली नव्हती. मे १९५४ मध्ये भंडारा लोकसभा मतदारसंघात पोटनिवडणूक झाली. तेव्हा हा जिल्हा मध्य प्रदेश राज्यात होता आणि राजधानी होती नागपूर. (आबाजी म्हणायचे, की मी गावाबाहेर पाऊल न टाकता राज्यं बदलली. आधी मध्य प्रदेश, मग १९५६ ला मुंबई राज्य, मग १९६० ला महाराष्ट्र. यालाही एक प्रकारचा प्रवासच म्हणायचा.) या पोटनिवडणुकीत उभे होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. १९५२ ला ते उत्तर मुंबईतून नारायण काजरोळकर यांच्याकडून हरले होते. त्यानंतर लोकसभेत जायचा त्यांचा हा दुसरा प्रयत्न. तोही फसला. काँग्रेसचे भाऊराव बोरकर सुमारे आठ हजार मतांनी निवडून आले. अडीच वर्षांनी, ६ डिसेंबर १९५६ ला बाबासाहेब गेले. म्हणजे ज्या लोकसभेची अख्खी रचना ज्या घटनेत आहे, त्या घटनेच्या मसुदा समितीचा अध्यक्ष त्या लोकसभेत कधीच निवडून गेला नाही. आणि ती शेवटची संधी ज्यांच्या हातात होती, ते आमच्या जिल्ह्याचे मतदार होते.

आता त्यातली खरी मेख. भंडारा तेव्हा द्विसदस्य मतदारसंघ होता. एकाच मतदारसंघातून दोन खासदार निवडायचे, एक सर्वसाधारण आणि एक राखीव जागेवरचा. प्रत्येक मतदाराला, मग तो कुठल्याही जातीचा असो, दोन मतं. सर्वसाधारण जागेवर अशोक मेहता उभे होते आणि तेच निवडून आले. शिक्का मारायची किंवा बटण दाबायची पद्धत तेव्हा नव्हती. पडद्यामागे प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी, पेटीवर त्याचं चिन्ह. काँग्रेसची बैलजोडी, शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचा हत्ती. तुमच्या हातात दोन मतपत्रिका. एक एका पेटीत, दुसरी दुसऱ्या पेटीत. दोन्ही एकाच पेटीत टाकल्या तर एकच धरली जायची.

आणि एक मत न वापरता वाया घालवायचं, याला त्या काळी शब्द होता 'मत कुजवणे'. तुमचा एक माणूस निवडून यावा, दुसऱ्या कोणाला फायदा होऊ नये, म्हणून दुसरं मत कुजवायचं. बाबासाहेबांच्या कार्यकर्त्यांनीही भंडाऱ्यात असंच करावं असं काहींचं मत होतं, पण बाबासाहेबांनी त्याला साफ नकार दिला आणि दुसरं मत मेहतांना द्यायला सांगितलं, असं सांगितलं जातं. मत कुजवण्यापेक्षा हरलेलं बरं, अशी त्यांची भूमिका.

आबाजी तेव्हा बावीस वर्षांचे. आमचं घर कुणब्याचं. ते बाबासाहेबांच्या सभेला गेले होते, घरी न सांगता. मागे उभं राहून ऐकलं. काय ऐकलं ते त्यांना फारसं आठवत नव्हतं, पण "मानूस थकलेला दिसत होता, आवाज नाही" एवढं ते म्हणाले. मतदानाच्या आदल्या दिवशी गावातल्या मोठ्यांनी सांगितलं, की एक चिठ्ठी टाकायची, दुसरी राखीव जागेची, ती 'त्यांची' भानगड, तिच्यात आपण पडायचं नाही. कुजवायची.

"मंग?"

"मंग काय. आत गेलो. पडदा होता. हत्तीची पेटी समोर होती. एक चिठ्ठी टाकली मेहताले. दुसरी हातात. कोनी पायत नोव्हतं रे. कोनालेच समजलं नसतं." थोडं थांबून म्हणाले, "तरी नाई टाकली. बंडीच्या खिशात घातली. येताना नदीत सोडून देल्ली."

एवढंच. पन्नास वर्षांत हे त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. आज्जीलाही नाही. एका परदेशी मालिकेतला पुठ्ठ्याच्या सेटवरचा अपघात पाहून सांगितलं.

मी तेव्हा काय बोललो असेन? तुम्ही-आम्ही जे बोलतो तेच. मी म्हटलं, "आबाजी, फरक आठ हजारांचा होता. तुमच्या एका चिठ्ठीने काय झालं असतं?" आणि वर शहाणपणा म्हणून हेही म्हटलं, "आणि कोणाला माहीत, ते निवडून आले असते तर दिल्लीतच अडकले असते. मग १९५६ ला नागपूरला दीक्षा झाली असती का? जे झालं ते कदाचित बऱ्यासाठीच झालं."

आबाजी माझ्याकडे बघून हसले. धानाच्या मशीनला हसले होते तसं नाही. "तू लयच शिकला बा," म्हणाले आणि जेवायला उठले.

ते २०१२ ला गेले. परवा पुन्हा ट्रक येताना पाहिला आणि कळलं, की त्या दिवशी मी त्यांना दोन खोट्या गोष्टी सांगितल्या होत्या. दोन्ही मला ते कर्क असल्यासारख्या वाटल्या होत्या, आणि घोळ तिथेच होता.

पहिली घ्या. 'एकाने काय होतं.' हे गणित बरोबर आहे आणि हिशेब चूक. आठ हजारांचा फरक एका माणसाने भरून निघत नाही, कबूल. पण तो तयार मात्र एकेकट्या माणसानेच होतो. बावीस वर्षांचा एक पोरगा पडद्यामागे उभा राहतो, चिठ्ठी खिशात घालतो, आणि त्याच दिवशी, त्याच जिल्ह्यात, तेच गणित मनात करून किती खिसे भरले असतील. आमच्या भाषेत सांगायचं तर मत हा पूर्णांक आहे. त्याचं राउंडिंग होत नाही. ते शून्य असतं किंवा एक असतं. त्या दिवशी एक असायचं ते शून्य झालं, आणि ते आबाजींना माहीत होतं. माझं एकूण बेरीज दाखवून समाधान करणं म्हणजे बग रिपोर्टवर 'युजर्सपैकी फार थोड्यांना होतं' असं लिहून तिकीट बंद करण्यासारखं होतं.

दुसरी जास्त वाईट. 'जे झालं ते बऱ्यासाठीच.' आपल्याकडे हे वाक्य लग्न मोडल्यावर, नोकरी गेल्यावर, माणूस गेल्यावरसुद्धा ऐकू येतं. बोलणाऱ्याचा हेतू चांगला असतो. पण नीट पाहिलं तर हे वाक्य बोलायला तुमच्याकडे स्पॉकचं यंत्र असायला लागतं. स्पॉककडे दोन वर्तमानपत्रं होती. एकात इडिथच्या मृत्यूची बातमी, दुसऱ्यात काही वर्षांनी ती राष्ट्राध्यक्षांना भेटते ती बातमी. त्याने दोन्ही इतिहास पाहिले, मगच कर्कला सांगितलं. आपल्याकडे एकच वर्तमानपत्र आहे, आणि आपण दुसऱ्यातला मजकूर ठोकून देतो. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात जे झालं ते मोठं होतंच. पण त्यासाठी भंडाऱ्यात हरणं आवश्यक होतं, हे मी कुठल्या यंत्रावर पाहिलं होतं? बाबासाहेबांनी हिंदू धर्म सोडायची घोषणा येवल्याला केली होती १९३५ साली. भंडारा जिंकला असता तर ती ते विसरले असते, असं मानायला काय आधार? काहीच नाही. मला फक्त आजोबांना बरं वाटायला हवं होतं, आणि त्याहून जास्त मला स्वतःला.

इथे जयंत नारळीकरांची 'गंगाधरपंतांचे पानिपत' आठवल्याशिवाय राहत नाही. मराठीत 'असं झालं असतं तर' म्हटलं की पहिली तीच गोष्ट. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत एका अपघाताने अशा जगात जातात, जिथे १७६१ ला पानिपतावर मराठे जिंकलेत. विश्वासरावांना गोळी लागलीच नाही, चाटून गेली. मे २०२५ मध्ये नारळीकर गेले तेव्हा मी ती पुन्हा वाचली. त्यात विज्ञान जास्त सचोटीचं आहे, स्टार ट्रेकपेक्षा कितीतरी. पण गंगाधरपंतांना काही ठरवायचं नसतं. ते पाहुणे आहेत, पाहून येतात. आपण 'बाबासाहेब भंडाऱ्यातून जिंकले असते तर' हा खेळ खेळतो तोही असाच, पाहुण्यासारखा. चहा पिता पिता खेळायला उत्तम. कोणते कायदे झाले असते, विरोधी बाकांवरून कोणती भाषणं झाली असती. आबाजी हा खेळ खेळत नव्हते. त्यांना जगाचा इतिहास बदलायचाच नव्हता. त्यांना त्या पडद्यामागे परत जाऊन फक्त एक चिठ्ठी पेटीत टाकायची होती, निकाल तोच लागला असता तरी.

आणि मला वाटतं, या भागाचं मोठेपण इथेच आहे आणि इतकी वर्षं ते माझ्या ध्यानात आलं नव्हतं. मला वाटायचं हा भाग 'मोठ्या भल्यासाठी त्याग' असं काहीतरी शिकवतो. तसं असतं तर शेवटी कर्कने एक भाषण ठोकलं असतं. तो भाषणांचा माणूस आहे, दर दुसऱ्या भागात ठोकतो. इथे काय होतं? मॅककॉय ओरडून विचारतो, तू काय केलंस हे तुला कळतंय का. कर्कच्या तोंडून शब्द फुटत नाही. स्पॉकच हळूच उत्तर देतो, की त्याला माहीत आहे. मग तिघेही दारातून परत येतात. मेदूवडा सांगतो, सगळं पूर्ववत झालंय, असे अजून कितीतरी प्रवास शक्य आहेत, या. आणि कर्क त्याच्याकडे वळूनही न बघता म्हणतो, चला, इथून निघू. तेही १९६७ च्या टीव्हीला न शोभणाऱ्या भाषेत. जग वाचलंय, गणित शंभर टक्के बरोबर आहे, दोन्ही वर्तमानपत्रं वाचून झालीत, तरीसुद्धा तो 'बऱ्यासाठीच झालं' म्हणत नाही. हात त्याने आखडलाय आणि ते ओझं त्याचं आहे. ज्याच्याकडे सगळा पुरावा आहे तो माणूससुद्धा सबब सांगत नाही, आणि आपण विनापुरावा सांगत सुटतो.

लेखक हार्लन एलिसन या भागावर जन्मभर चिडलेला होता, कारण त्याची पटकथा बरीच बदलली गेली. त्याच्या मूळ पटकथेत कर्कला ते जमतच नाही, स्पॉकला पुढे व्हावं लागतं. मूळ पटकथेला लेखकांच्या गिल्डचा पुरस्कार मिळाला, प्रसारित भागाला ह्यूगो, त्यामुळे भांडण सुटणारं नाही. बरेच चाहते म्हणतात मूळ शेवट जास्त मानवी होता. असेल. पण मला पडद्यावरचा आवडतो. प्रेमापोटी हात न उठणं आपण समजून घेतो, माफही करतो. हात मुद्दाम आखडला आणि नंतर मान्य केलं की मीच आखडला, हे फार थोडे लोक करतात. एक मी ओसरीवर बसलेला पाहिला होता. त्याची अडचण उलट होती एवढंच. कर्कसमोर इडिथ होती म्हणून हात आखडणं कठीण होतं. आबाजींसमोर एक लाकडी पेटी होती, हात पुढे करणं अगदी सोपं होतं, आणि नडत काय होतं? गाव काय म्हणेल. जे गाव पडद्याच्या आत नव्हतंच.

आता थोडं माझ्याबद्दल, कारण म्हाताऱ्या माणसाचा कबुलीजबाब छापून स्वतः नामानिराळं राहणं बरं दिसत नाही. माझं नाव अजून गावच्याच मतदार यादीत आहे. १९ एप्रिल २०२४, शुक्रवार, भंडारा-गोंदिया लोकसभेचं मतदान. त्याच शनिवार-रविवारी आमचं रिलीज होतं. पुण्याहून नागपूर रात्रभर बस, तिथून भंडारा साठ-पासष्ट किलोमीटर, तिथून पुढे पवनी आणि गाव, ऊन चाळीसच्या वर. मी गेलो नाही. मॅनेजरने अडवलं नव्हतं, मी रजा मागितलीच नव्हती. मनात काय म्हटलं? एकाने काय होतं. आणि रिलीज वेळेत गेलं तेव्हा म्हटलं, बरंच झालं नाही गेलो. तीच दोन वाक्यं, त्याच क्रमाने, सतरा वर्षांनी. तेव्हा लक्षातही आलं नाही. परवा आलं, ट्रक पाहताना.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये विधानसभेला गेलो, २० तारखेला, बुधवार होता. तेव्हा हे काही मनात नव्हतं, धान कापणी बघायची होती आणि आईने बोलावलं होतं. शाळेची खोली तीच, जिथे मी चौथीपर्यंत शिकलो. पडद्याच्या जागी पुठ्ठ्याचा आडोसा. पेट्या नाहीत, एकच यंत्र. बटण दाबलं, बीप वाजला, शाई लावलेलं बोट घेऊन बाहेर आलो. इतिहास वगैरे काही बदलला नाही. बाहेर चुलतभाऊ मोटरसायकल घेऊन उभा होता, म्हणाला, "झालं का? चल, कापनी पडली आहे."

असो. भाग जरूर पाहा, आणि पाहताना घरातलं एखादं म्हातारं माणूस शेजारी बसवा. भाषांतर करावं लागेल, दर मिनिटाला थांबवावं लागेल, जर्मनी आणि अणुबॉम्ब समजावताना घाम फुटेल. ट्रक येऊन गेल्यावर ते काही बोलले तर मात्र माझ्यासारखं लगेच गणित सांगू नका. ऐकून घ्या.